वांगं, सरकी आणि विश्वास: जीएमबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात बोंडअळीवर लेख आला आणि त्यानंतरची निम्मी पत्रं कापसाबद्दल नाहीतच, ती सगळी जेवणाबद्दल आहेत. आपण जीएम (प्रयोगशाळेत जीन बदललेलं) खातोय का, कोण तपासतं, आणि तपासलं असं सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींना थोडक्यात उत्तर दिलंय आणि वांग्यावर मात्र मी जरा जास्तच लिहिलंय, कारण हा सगळा अविश्वास समजून घ्यायचा तर वांग्याची गोष्ट नीट माहीत असायला हवी.

बिनबियांचं कलिंगड, आठ-आठ दिवस कडक राहणारे टोमॅटो, एकसारखी चकचकीत वांगी. सासूबाई म्हणतात हे सगळं जीएम आहे, मुलांना देऊ नकोस. खरं आहे का? (एक वाचक, चिंचवड)

नाही, यातलं काहीच जीएम नाही. भारतात सरकारी परवानगीनं शेतकऱ्याच्या शेतात पोचलेलं जीएम पीक आजही एकच आहे, ते म्हणजे बीटी कापूस (अळी मारणारा, जिवाणूचा जीन घातलेला), २००२ पासून. बिनबियांचं कलिंगड हा साधा संकर आहे, गुणसूत्रांचे चार संच असलेलं झाड आणि दोन संच असलेलं झाड यांचा. त्यातून तीन संचांचं रोप येतं आणि तीनाची नीट वाटणी होत नाही म्हणून बी धरतच नाही. आपल्याकडची थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही द्राक्षं निवडून कलमानं वाढवलेली आहेत. टोमॅटो जाड सालीचे हायब्रीड आहेत कारण त्यांना ट्रकमधून हजार किलोमीटर जायचं असतं. हायब्रीड म्हणजे एकाच जातकुळीतल्या दोन वाणांचं लग्न, आणि जीएम म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरचा, कधीकधी तर जिवाणूचा जीन घातलेला. दोन्ही वेगळं.

पण सासूबाईंची शंका उडवून लावू नका हं. २०१९ मध्ये हरियाणात फतेहाबादला परवानगी नसलेलं बीटी वांगं चक्क शेतात उभं सापडलं होतं, म्हणजे "कायद्यानं नाही" आणि "कुठेच नाही" यात फरक असतो हे त्यांना कळतंय. फक्त चकचकीत वांग्याबद्दल मला जीएमपेक्षा त्यावरच्या फवाऱ्याची काळजी जास्त वाटते, तेव्हा वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, देठाच्या टोपीखाली जास्त.

आमच्याकडे सरकीचं तेल खातात आणि म्हशीला सरकी पेंड. कापूस तर सगळा बीटी झालाय, मग आम्ही वीस वर्षं बीटीच खातोय ना? आम्हाला कुणी विचारलं होतं का? (एक वाचक, चोपडा)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर, कुणीच नाही.

देशातला नव्वद टक्क्यांच्या वर कापूस बीटी आहे, त्यामुळे सरकी बीटीची, तेल त्याच सरकीचं. शिवाय सरकीचं तेल फक्त घरीच येतं असं नाही, फरसाण, वेफर्स, हॉटेलातलं तळण, वनस्पती तूप, कुठेही असू शकतं. आता घाबरायचं का? तेल म्हणजे स्निग्ध पदार्थ, आणि बदललेला जीन आणि त्यातून बनणारं प्रथिन या दोन्ही गोष्टी रिफायनिंगमध्ये जवळजवळ पूर्ण निघून जातात. सरकीत मुळातच गॉसिपॉल नावाचं एक नैसर्गिक विषारी द्रव्य असतं, बीटीच्या आधीपासून, तेही त्याच प्रक्रियेत काढावं लागतं. म्हशीचं म्हणाल तर बीटीचं प्रथिन तिच्या पोटात बाकीच्या प्रथिनांसारखंच तुटतं आणि कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत दुभत्या गाईंना बीटी सरकी घालून तपासलंही गेलंय, दुधात, तब्येतीत फरक दिसला नाही. २००६ च्या सुमाराला तेव्हाच्या आंध्रात वारंगलकडे बीटीच्या रानात चरलेल्या मेंढ्या मेल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्यात सरकारी तपासात बीटीशी संबंध सिद्ध झाला नाही, पण ज्याच्या मेंढ्या गेल्या त्याला कुणी बसून समजावून सांगितलं का, हा प्रश्न राहतोच.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी तुमच्या बाजूनं आहे. बीटी कापूस आला तेव्हा सगळी चर्चा धाग्याची झाली, एकरी किती क्विंटल, किती फवारण्या वाचल्या. तेच पीक तेलातून आणि पेंडीतून घरात येणार हे फाईलमध्ये होतं, तपासण्याही होत्या, पण खाणाऱ्याला साध्या शब्दांत कुणी सांगितलं नाही. वीस वर्षांनी माणसाला ते दुसरीकडून कळतं तेव्हा त्याला वाटतं आपल्यापासून लपवलं, आणि मग पुढचं काहीही तो ऐकून घेत नाही.

व्हॉट्सअॅपवर मोठमोठ्या गाठी आलेल्या उंदरांचे फोटो फिरतायत, "जीएम मका खाऊन कॅन्सर" म्हणून. मी बीएस्सीला आहे, सरांना विचारलं तर म्हणाले फालतू आहे. पण का फालतू ते सांगितलं नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

का ते सांगायलाच हवं होतं. तो २०१२ चा फ्रान्समधला प्रयोग, सेरालिनी नावाच्या शास्त्रज्ञांचा. उंदरांची जी जात घेतली होती, स्प्रेग डॉली, तिला म्हातारपणी काहीही खाऊ घाला, गाठी येतातच, मोठ्या प्रमाणात येतात. आणि हा प्रयोग दोन वर्षं चालवला, म्हणजे त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य, वर प्रत्येक गटात फक्त दहा उंदीर. दहांत चारांना गाठ की सहांना, एवढ्यावरून काही म्हणताच येत नाही. २०१३ मध्ये त्या नियतकालिकानं तो पेपर मागे घेतला, पुढे त्यांनी तो दुसरीकडे पुन्हा छापून आणला. पण फोटो कुठलं नियतकालिक मागे घेणार!

मात्र याचा अर्थ जीएममध्ये कधीच धोका नसतो असा काढू नकोस. नव्वदच्या दशकात सोयाबीनचं पोषण वाढवायला त्यात ब्राझील नटचा जीन घातला होता आणि तपासणीत कळलं की ज्यांना ब्राझील नटची ॲलर्जी आहे त्यांना या सोयाबीनचीही होणार. काम तिथंच बंद केलं, ते पीक बाजारात आलंच नाही. म्हणजे "जीएम चांगलं की वाईट" हा प्रश्नच नीट नाहीये. कुठला जीन, कुठलं पीक, काय तपासलं, कुणी तपासलं, हे दर वेळी वेगळं विचारावं लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१६ मध्ये सगळा अभ्यास चाळून हेच म्हटलं, की बाजारात असलेली जीएम पिकं खाण्यामुळे साध्या पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा पुरावा मिळत नाही, पण नवं प्रत्येक पीक त्याच्या गुणांवर तपासा. सरांना हे दाखव आणि वर्गात चर्चा घ्यायला सांग.

बीटी वांगं आमच्या जालन्याच्या कंपनीनं बनवलेलं. सगळ्या चाचण्या पास झालं तरी सरकारनं थांबवलं. मग ते खरंच वाईट होतं की नुसतं राजकारण? (एक वाचक, जालना)

भरल्या वांग्यांना वांगी चिरताना काय करतो आपण? देठ ठेवून चार चिरा देतो आणि पाकळ्या उघडून आत बघतो. किलोत दोन-तीन तरी निघतातच, आत तपकिरी भुगा आणि गुलाबीसर अळी. ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. एकदा आत शिरली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी ती शिरायच्या आधीच फवारत सुटतो, काही ठिकाणी आठवड्यातून दोनदा, अगदी तोडणीच्या आदल्या दिवसापर्यंत. या अळीवर उपाय म्हणून महिकोनं, म्हणजे तुमच्या जालन्याच्या कंपनीनं, जमिनीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा जीन वांग्यात घातला. त्याचं प्रथिन अळीच्या आतड्यात, जिथे आम्ल नसून उलट अल्कली असते, तिथे जागं होतं, आतड्याच्या भिंतीला चिकटतं आणि अळी मरते. आपल्या पोटात आम्ल असतं आणि ते चिकटायची जागाही नसते. याच जिवाणूची पावडर सेंद्रिय शेतीवालेही फवारतात. शिवाय हे फक्त कंपनीच्या हायब्रीडमध्ये नव्हतं, धारवाडच्या कृषी विद्यापीठानं आपल्या मांजरी गोट्यासारख्या सरळ वाणांतही तो जीन आणला होता, ज्याचं बी शेतकऱ्याला घरी धरता आलं असतं. ही गोष्ट विरोध करणाऱ्यांतल्या फार कमी जणांनी सांगितली.

मग अडलं कुठे? १४ ऑक्टोबर २००९ ला जनुकीय मंजुरीच्या केंद्रीय समितीनं, जीईएसीनं, हिरवा कंदील दिला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी लगेच सही न करता सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला. शेतकरी, डॉक्टर, शास्त्रज्ञ, गृहिणी, सगळे माइकवर बोलले, भांडलेही. आणि ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी वांग्यावर स्थगिती आणली, ती आजपर्यंत उठलेली नाही.

स्थगिती देताना त्यांनी "हे विषारी आहे" असं म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. कारणं अशी होती की शास्त्रज्ञांतच एकमत नाही, अनेक राज्यांना नको आहे, लोकांचा विश्वास नाही आणि घाई करावी असं काही पेटलेलं नाही. वांगं मुळातच आपल्या भागातलं पीक, त्याचे रानटी नातलग इथल्या बांधांवर आहेत, तिकडे जीन गेला तर काय, हाही मुद्दा होता. सुप्रीम कोर्टानं जीईएसीवर निरीक्षक म्हणून पाठवलेले डॉ. पुष्प भार्गव स्वतः चाचण्या अपुऱ्या आहेत असं सांगत होते. सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे चाचण्यांची बरीचशी माहिती कंपनीनंच दिलेली, आणि ती लोकांना बघायला मिळावी म्हणून माहिती अधिकारात अर्ज, आयोग, कोर्ट अशा पायऱ्या चढाव्या लागल्या. कायद्यात कंपनीनं स्वतः चाचण्या करणं चूक नाही, औषधांचंही असंच असतं. पण भाजीच्या चाचणीचे आकडे बघायला कोर्टात जावं लागतं म्हटल्यावर माणूस काय समजेल, तुम्हीच सांगा.

पुढे तर शास्त्रज्ञांनी स्वतःच्या हातानं नुकसान केलं. देशातल्या सहा मोठ्या विज्ञान अकादम्यांना मंत्र्यांनी निष्पक्ष मत विचारलं, सप्टेंबर २०१० मध्ये त्यांचा अहवाल आला, बीटी वांग्याच्या बाजूनं, आणि त्यातला मजकूर एका जीएम-समर्थक लेखातून जसाच्या तसा उचललेला निघाला. देशातली सगळ्यात हुशार माणसं ज्या प्रश्नावर एक अहवाल स्वतःच्या शब्दांत लिहीत नाहीत, त्या प्रश्नावर सामान्य माणसानं "शास्त्रज्ञ म्हणतात" यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा? मला स्वतःला हे वांगं खायला सुरक्षित असावं असंच वाटतं, सगळं वाचून. पण ज्यांनी तेव्हा नको म्हटलं त्यांना अडाणी म्हणायला मी तयार नाही.

आणि तिकडे बांगलादेशनं तेच तंत्र घेऊन ऑक्टोबर २०१३ मध्ये परवानगी दिली, जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना सरकारी संस्थेनं रोपं दिली, आता हजारो शेतकरी लावतात, या अळीवरची फवारणी तिथे बरीच कमी झाल्याचं अभ्यासांत आलंय. तिथे बी सरकारी संशोधन संस्थेकडून येतं, खाजगी पाकिटातून नाही, आणि विश्वास बसण्यात याचा मोठा वाटा आहे असं माझं मत. आपल्याकडे सोळा वर्षांत स्थगितीच्या नावाखाली वांगं नुसतं पडून आहे, ज्या स्वतंत्र चाचण्या व्हायला हव्या होत्या त्याही झाल्या नाहीत. याचा मला जास्त राग येतो. थांबवलं ते ठीक, पण थांबवून काहीच न करणं म्हणजे शेतकऱ्याला फवाऱ्याच्या हवाली करणं झालं.

आमच्याकडे सगळेजण "चोर बीटी" (परवानगी नसलेलं, तणनाशक सहन करणारं कपाशीचं बी) लावतात. निंदणाला माणूस मिळत नाही, तणनाशक मारलं की तण जळतं आणि कपाशी उभी. सरकार धाडी घालतं. तुम्ही शहरातले लोक खाण्याची भीती सांगता, आमचं काय? (एक शेतकरी, वणी)

दादा, तुमचा राग बरोबर आहे. निंदणाची मजुरी परवडत नाही हे मला माहीत आहे, आणि २०१७ च्या हंगामात तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, त्यामुळे शेतातला धोका हा शहरातल्या भीतीपेक्षा मोठा आहे हेही खरं. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं उघड पेरणी करून सरकारला आव्हान दिलं ते याच वैतागातून.

पण चोर बीटीचं पाकीट हातात घेऊन बघा. त्यावर खऱ्या कंपनीचं नाव नाही, बिल नाही, लॉट नंबरचा भरवसा नाही. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? तणनाशक सहन करणारं हे वाण मंजुरीसाठी आलं होतं, कंपनीनं २०१६ मध्ये अर्जच मागे घेतला, म्हणजे आपल्याकडे त्याची तपासणी पूर्ण झालेलीच नाही. आणि तुमच्या शेतातली सरकी जिनिंगमध्ये बाकीच्यांच्या सरकीत मिसळते, तिथून तेलात. चोपड्याच्या वाचकाला मी वर सांगितलं की मंजूर बीटीची तपासणी झालीये, पण या सरकीबद्दल तसं सांगता येत नाही. रिफाइंड तेलात प्रथिन उरत नाही हे इथेही लागू आहे, पेंडीला ते लागू नाही.

एक गोष्ट अजून. जुन्या बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, साध्या कपाशीची, शेताच्या कडेनं लावायला. तिथे साध्या अळ्या जगाव्यात, बीटी पचवणाऱ्या अळीशी त्यांचा संकर व्हावा आणि सगळीच प्रजा बीटीला सरावू नये, असा हिशोब. किती दुकानदारांनी हे समजावून सांगितलं? बहुतेकांनी ती पुडी फेकली नाही तर नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरली, वर फरदड (वेचणीनंतरही राखलेली कपाशी) मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवली, आणि गुलाबी बोंडअळीला बारमाही जेवण मिळालं. गुजरातमध्ये ती पहिल्या बीटीला पुरून उरल्याचं २०१० मध्येच कंपनीनं मान्य केलं होतं, आपल्याकडे २०१७ ला बोंडंच्या बोंडं किडली तेव्हा सगळ्यांना कळलं. तंत्र विकताना त्याच्या अटी विकणाऱ्यानं सांगितल्या नाहीत, आणि पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेनं पाहिलं नाही. तणनाशकाच्या बाबतीत पण तेच होणार, तेच ते औषध दरवर्षी मारलं तर त्याला न जुमानणारं तण येणार, बाहेरच्या देशांत आलंय. मंजुरी मागा, जोरात मागा, मी तुमच्या सोबत आहे. पण बिलासकट मागा.

मी न्यू जर्सीत असते. इथे पाकिटावर "बायोइंजिनिअर्ड" असं छापलेलं दिसतं. आई-बाबा नाशिकला असतात, त्यांनी दुकानात काय बघायचं? (एक वाचक, अमेरिका)

तुमच्याकडे ते २०२२ पासून सक्तीचं झालं. गंमत नाही, खरंच सांगते, भारतात तसा नियम त्याआधीचा आहे. १ जानेवारी २०१३ पासून, वजनमापाच्या नियमांनुसार, जीएम अन्न असलेल्या पाकिटाच्या दर्शनी भागावर वरच्या बाजूला "जीएम" अशी अक्षरं असायला हवीत. आई-बाबांना विचारा, कधी दिसली का. मी सुपरमार्केटमध्ये गेले की पाकिटं उलटीसुलटी करून बघते, मला आजवर एकही दिसलेलं नाही. २०१८ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं दुकानांतले ६५ नमुने तपासले, त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांशात जीएमचा अंश मिळाला, बहुतेक आयात केलेल्यात, आणि काहींवर तर "जीएम नाही" असा दावा छापलेला. आपण अर्जेंटिना-ब्राझीलहून जे सोयाबीन तेल आणतो तेही बहुतांश जीएम सोयाबीनचंच असतं. २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी बारा लाख टन जीएम सोयापेंड आणायलाही परवानगी दिली होती. हे सगळं तब्येतीला वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पण पाकिटावर लिहा, एवढं तर कुणीही मागू शकतो, आणि नियम असताना तो न पाळणं हे "लोक उगाच घाबरतात" म्हणणाऱ्यांच्याच मुळावर येतं.

आई-बाबांना व्यवहारात सांगायचं तर: आयात केलेले मक्याचे चिप्स, कॅनोला तेल, सोयाबीनचं तेल, सरकीचं तेल यांत जीएम असण्याची शक्यता धरून चाला. टाळायचंच असेल तर करडई, शेंगदाणा, तीळ, खोबरेल यांत जीएम नाही, भारतात तरी नाही. घाण्याचं तेल घेतलं तर दाणे डोळ्यांनी दिसतात.

फोडणीची मोहरी पण जीएम झाली का? आणि मधमाश्यांचं काय? (एक वाचक, रत्नागिरी)

नाही झाली. दिल्ली विद्यापीठातल्या डॉ. दीपक पेंटल यांच्या गटानं बनवलेल्या डीएमएच-११ या मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणात सोडायची मंजुरी मिळाली, पण सुप्रीम कोर्टात २३ जुलै २०२४ ला दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले, त्यामुळे ती मोठ्या पीठाकडे गेली. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत झालं, सरकारनं राज्यांशी, शेतकऱ्यांशी आणि लोकांशी बोलून जीएमचं राष्ट्रीय धोरण आखावं. मधमाश्यांवरच्या परिणामाचा आपल्याकडचा अभ्यास मंजुरीच्या आधी पूर्ण व्हायला हवा होता, मंजुरीनंतर करा असं म्हणणं मला पटलेलं नाही, आणि मधपेटीवाल्यांचा विरोध त्यासाठीच आहे. तुमच्या डब्यातली मोहरी आज तरी साधीच आहे.